ह्यूई गॅलाखरची फाइल

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी स्कॉटलंडमध्ये फुटबॉलच्या आठवणींचे गट चालतात. टेबलावर जुने फोटो, सामन्यांच्या पुस्तिका, तिकिटांचे तुकडे मांडायचे, चहा द्यायचा आणि मंडळींना बोलू द्यायचं, एवढंच काम. ग्लासगोजवळच्या अशाच एका गटात मी स्वयंसेवक म्हणून जातो. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचं वेड घरूनच आलेलं. गटासाठी एकेका खेळाडूची फाइल करावी लागते: जन्म कुठला, कोणत्या क्लबांतून खेळला, गोल किती, आणि सोबत बोलायला सुरुवात करून देणारी चार-सहा चित्रं. माझ्या वाट्याला आला ह्यूई गॅलाखर.

त्याला खेळताना पाहिलेलं आमच्या गटात कोणीच नाही. १९३९ साली तो थांबला. पण आमची मंडळी बहुतेक ग्लासगोलगतच्या लॅनार्कशर परगण्यातली, खाणीत नाहीतर पोलादाच्या कारखान्यात राबलेल्या बापांची मुलं. आणि त्या बापांनी शनिवारी रात्री घरी आणलेल्या गोष्टींत गॅलाखर हमखास असायचा. पाच फूट पाच इंचांचा सेंटर फॉरवर्ड, दोन्ही पायांनी मारणारा, डोक्यानेही तितकाच पक्का, आणि जिभेला हाड नसलेला. फाइल करायची म्हणजे हे सगळं ऐकीव बाजूला ठेवायचं आणि कारकीर्द तारखेवार लावायची.

सुरुवात जन्मनोंदीपासून. स्कॉटलंडमध्ये जन्माच्या नोंदींना १०० वर्षं, लग्नाच्या नोंदींना ७५ आणि मृत्यूच्या नोंदींना ५० वर्षं झाली की त्या थोडे पैसे भरून घरबसल्या संगणकावर पाहता येतात. शिवाय इथल्या नोंदी इंग्लंडपेक्षा सढळ हाताने केलेल्या: जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गावसुद्धा असतं. गॅलाखरचा जन्म २ फेब्रुवारी १९०३, बेल्सहिल. दीड वर्षं आधी, १९०१ च्या सप्टेंबरात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मॉसएंडला अ‍ॅलेक्स जेम्स जन्मलेला, तोही पुढे नामांकित फुटबॉलपटू. दोघे शाळेपासूनचे सोबती. पुढे १९०९ मध्ये त्याच परिसरात ऑर्बिस्टनला मॅट बझबी, मँचेस्टर युनायटेडचा नंतरचा नामांकित व्यवस्थापक. एवढ्याशा टापूत हे तिघे! मी ग्लासगोहून लोकल गाडीने बेल्सहिलला जाऊन आलो. खाणींचा आता मागमूसही नाही. घरं, दुकानं, गाड्या लावायच्या जागा. फाइलमध्ये लावण्यासारखा फोटो मिळाला नाही, पण हे अंतर किती लहान आहे ते पायांना कळलं.

पोरगा पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला, नंतर कोळशाच्या खाणीत उतरला. सतराव्या वर्षी लग्न. एकोणिसाव्या वर्षाच्या आत डमफ्रीजच्या क्वीन ऑफ द साउथ या क्लबाकडून थोडेच सामने खेळला, गोलांचा पाऊस पाडला आणि न्यूमोनियाने रुग्णालयात पडला. बरा होऊन बाहेर आला तो एअर्ड्री गावच्या एअर्ड्रीओनियन्स क्लबाचा खेळाडू म्हणून. इथपासून पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आहे, आणि खरं काम इथूनच सुरू झालं.

ग्लासगोचं मिचेल ग्रंथालय मोटरवेच्या कडेला हिरवट तांब्याचा घुमट घेऊन उभं आहे. आत जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म मिळतात. रीळ चढवायचं, चाक फिरवायचं, सोमवारचा अंक गाठायचा. काही वर्तमानपत्रं आता संगणकावर शोधता येतात, पण गॅलाखरच्या बाबतीत तो शोध फार दमवतो. एक तर त्याचं आडनाव दोन-तीन तऱ्हांनी छापलेलं असतं. दुसरं, त्याच काळात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडे पॅट्सी गॅलाखर हा दुसरा नामांकित खेळाडू होता, आणि बातमीत पहिलं नाव लिहायची पद्धत नव्हती. सेल्टिक-एअर्ड्री सामना असला की एकाच परिच्छेदात दोन गॅलाखर धावतायत. त्यापेक्षा रीळ फिरवून क्रमाने वाचत गेलेलं बरं.

गोल मोजणं हा आणखी वेगळा उद्योग. त्या काळी खेळाडूंच्या पाठीवर आकडे नसत. इंग्लंडमध्ये १९२८ साली आर्सेनल आणि चेल्सीने एकदा करून पाहिले, पण लीगमध्ये ते सक्तीचे झाले १९३९ मध्ये. गोलापुढे चिखलात माखलेले आठ जण, वरून धूर आणि धुकं, आणि वार्ताहर लांब लाकडी स्टँडमध्ये बसलेला. मग एका वर्तमानपत्रात गोल एकाच्या नावावर, दुसऱ्यात दुसऱ्याच्या. मी स्वतःपुरता नियम केला: दोन वर्तमानपत्रांचं एकमत असेल तर शाईने लिहायचं, नसेल तर पेन्सिलीने. फाइलचे सुरुवातीचे कागद पेन्सिलीने भरले.

पण क्रमाने वाचण्याचा एक फायदा होतो. एअर्ड्रीसारख्या लहानशा गावाचा संघ काय करत होता ते आठवड्या-आठवड्याने उलगडत जातं. १९२२-२३ पासून लागोपाठ चार हंगाम हा संघ स्कॉटिश लीगमध्ये दुसरा आला. तीनदा ग्लासगोच्याच रेंजर्सच्या मागे, एकदा सेल्टिकच्या. १९२४ च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर हायबर्नियनला २-० हरवून त्यांनी स्कॉटिश कप जिंकला. क्लबाच्या इतिहासातला तो एकमेव. गॅलाखर त्यात होता, आणि पुढे रेंजर्सचा मोठा खेळाडू झालेला बॉब मॅकफेलही.

आणि मग १९२५ चा डिसेंबर. गॅलाखरला विकणार अशी कुणकुण लागल्यावर एअर्ड्रीच्या चाहत्यांनी मैदानावरचा स्टँड जाळून टाकू अशी धमकी दिली होती. गटातल्या इंग्रज सहकाऱ्याला हा वेडेपणा वाटला. मला अजिबात वाटला नाही. आमच्याकडे पेठेचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून खेळायला उतरला की गल्लीत काय वातावरण होतं ते मी पाहिलेलं आहे. फरक इतकाच, की आमचा पोरगा स्वतःच्या पायाने जातो. गॅलाखरला क्लबाने विकलं: ६,५०० पौंड, न्यूकॅसल युनायटेड.

त्या स्टँडला शेवटी आग नाही, बांधकामखातं लागलं. एअर्ड्रीचं मैदान, ब्रूमफील्ड पार्क, १९९४ मध्ये विकलं गेलं आणि तिथे सुपरमार्केट उभं राहिलं. मी तिथे जाऊन दूध आणि पाव घेऊन आलो.

हा ६,५०० चा आकडा मी फाइलमध्ये लिहिला आणि त्याच्याशेजारी पगार लिहायला म्हणून शोधायला गेलो. इंग्लंडमध्ये १९२२ पासून खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती: हंगामात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. तुम्ही देशातले सर्वोत्तम असा नाहीतर राखीव संघातले, यापुढे एक पेनीही नाही. वर सही करताना १० पौंड आणि सामना जिंकला की किरकोळ बक्षिसी. हिशेब केला तर वर्षाला चारशेच्या आत. म्हणजे न्यूकॅसलने एअर्ड्रीला मोजलेली रक्कम गॅलाखरला पगारातून उभी करायला सोळा वर्षं लागली असती. स्कॉटलंडमध्ये अशी मर्यादा नव्हती, पण एअर्ड्रीसारख्या क्लबाच्या तिजोरीत तेवढं असतं तर त्यांनी त्याला विकलंच कशाला असतं?

यामागची व्यवस्था समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. खेळाडूची नोंदणी क्लबाच्या मालकीची असे. करार एका हंगामाचा. पण करार संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नसे. क्लबाने त्याचं नाव ‘राखून ठेवलेल्यांच्या’ यादीत घातलं की दुसऱ्या कोणत्याही लीग क्लबाला त्याला घेता येत नसे, पगार द्यायचा की नाही हेही क्लबच्या मर्जीवर. इंग्लंडमधली पगाराची मर्यादा उठली १९६१ मध्ये, आणि नोंदणीची ही पद्धत न्यायालयात बेकायदा ठरली १९६३ मध्ये. गॅलाखरची इंग्लंडमधली सगळी कारकीर्द या दोन पाचरींमध्ये गेली. म्हणून मी फाइलला गोलांच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला: किंमत.

न्यूकॅसलचे दिवस वाचताना मात्र हिशेब विसरायला होतं. पहिला सामना १२ डिसेंबर १९२५, एव्हर्टनविरुद्ध, ३-३. गॅलाखरचे दोन, आणि समोरच्या बाजूने अठरा वर्षांच्या डिक्सी डीनचे तीन. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता. आधी आक्रमकाकडे चेंडू मारला जाताना त्याच्या पुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. गंमत म्हणजे जुन्या नियमाचा फायदा घेऊन आक्रमकांना सापळ्यात पकडण्याची कला ज्याने पूर्णत्वाला नेली तो बिल मॅकक्रॅकन न्यूकॅसलचाच बचावपटू. त्याने खेळ इतका आवळला की नियम बदलावा लागला, आणि बदललेल्या नियमाचं पीक कापायला त्याच क्लबाने गॅलाखर आणला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ मध्ये १,१९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात १,७०३.

१९२६-२७ मध्ये गॅलाखर न्यूकॅसलचा कप्तान झाला. ३८ लीग सामने, ३६ गोल, आणि विजेतेपद. एका हंगामातल्या लीग गोलांचा क्लबाचा तो विक्रम अजून टिकून आहे; आणि न्यूकॅसलने त्यानंतर लीग जिंकलेली नाही. न्यूकॅसलला गेलो तेव्हा स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याने कशासाठी आलात विचारलं. नाव सांगितल्यावर त्याने १४३ हा आकडा स्वतःहून सांगितला: न्यूकॅसलसाठी १७४ सामन्यांत १४३ गोल. माझ्या कागदावरही तोच होता.

वर्तमानपत्रांतला गॅलाखर गुणी बाळ नव्हे. बचावपटू त्याला लाथा घालत, तो पंचाशी वाद घालत असे. १९२७ च्या शेवटच्या दिवशी न्यूकॅसल घरच्या मैदानावर हडर्सफील्डकडून ३-२ हरलं. सामन्यानंतर गॅलाखर पंचांच्या खोलीत गेला. पंच बर्ट फॉग आंघोळीच्या हौदात उतरायच्या बेतात पाठमोरे वाकलेले होते. गॅलाखरने त्यांना ढकललं. दोन महिन्यांची बंदी. गटात ही गोष्ट सांगितली की सगळे खदाखदा हसतात. पंचांची बाजू घेणारा अजून एकही भेटलेला नाही.

बंदी संपते न संपते तोच स्कॉटलंडने त्याला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी निवडलं. ३१ मार्च १९२८. फाइलमधलं सर्वांत वापरलं जाणारं चित्र याच सामन्याचं. त्या मोसमात स्कॉटलंड वेल्सशी बरोबरीत सुटलं होतं, आयर्लंडकडून हरलं होतं. निवडलेल्या अकरांपैकी आठ जण इंग्लिश लीगमधल्या क्लबांकडून खेळणारे, म्हणजे मायदेशी वर्तमानपत्रांच्या भाषेत परके झालेले. पुढच्या फळीतला एकही पाच फूट सात इंचांपेक्षा उंच नाही: अ‍ॅलेक्स जॅक्सन, जिमी डन, गॅलाखर, अ‍ॅलेक्स जेम्स, अ‍ॅलन मॉर्टन. सामन्याआधीच्या रात्री कप्तान जिमी मॅकमुलनने डावपेच वगैरे सांगितले नाहीत. झोपा आणि पावसासाठी प्रार्थना करा, एवढंच म्हणाला. पाऊस पडला. ओल्या हिरवळीवर धिप्पाड इंग्लिश बचावपटू घसरत राहिले आणि हे बुटके चेंडू जमिनीवरून सरकवत राहिले. ५-१. जॅक्सनचे तीन, जेम्सचे दोन. ८०,८६८ प्रेक्षक.

गॅलाखरचा एकही गोल नाही! फाइलच्या रकान्यात त्या दिवशी शून्य आहे आणि तरी तो त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत प्रसिद्ध दिवस. हे अकरा जण पुन्हा कधी एकत्र खेळले नाहीत, हे मला त्या विजयापेक्षा जास्त बोलकं वाटतं. स्कॉटलंडसाठी गॅलाखरचे एकूण २० सामने आणि २४ गोल. हे वाचलं की सेल्टिकचे चाहते लगेच जिमी मॅकग्रोरीचं नाव काढतात. स्पर्धात्मक सामन्यांत ५५० गोल करणाऱ्या मॅकग्रोरीला देशाकडून फक्त सात सामने मिळाले, कारण त्याची जागा बहुतेक वेळा गॅलाखरने अडवलेली होती.

१९३० च्या मे महिन्यात न्यूकॅसलने गॅलाखरला चेल्सीला विकलं. १०,००० पौंड. पगार तोच, ८. त्या सप्टेंबरच्या ३ तारखेला चेल्सी न्यूकॅसलला खेळायला गेली तेव्हा सेंट जेम्सेस पार्कवर ६८,३८६ माणसं आली. बुधवार होता. न्यूकॅसल १-० जिंकलं, पण गर्दी कोणाला पाहायला आली होती ते त्या आठवड्याचं कोणतंही स्थानिक वर्तमानपत्र उघडा, कळतं. मैदानातल्या गर्दीचा तो विक्रम आजही कायम आहे. विकून टाकलेला माणूस पाहुणा म्हणून आला तेव्हाचा.

चेल्सीने त्याच वेळी अ‍ॅलेक्स जॅक्सनलाही घेतलं. वेम्ब्लीच्या त्या अकरांतला टॉमी लॉ तिथे आधीपासून होताच. एवढं करून हाती काही लागलं नाही. १९३२ च्या एफए कपच्या उपांत्य फेरीत त्यांना हरवलं कोणी, तर न्यूकॅसलने. जॅक्सनची गोष्ट तर अंगावर येते. पगारावरून क्लबाशी बिनसलं, त्याने वाकायला नकार दिला, क्लबाने नोंदणी सोडली नाही. सत्ताविसाव्या वर्षी वेम्ब्लीचा तीन गोलवाला लीगबाहेर! तो लीगबाहेरच्या क्लबांकडून खेळला, फ्रान्समध्ये खेळला, पण इंग्लंडच्या लीगमध्ये परतला नाही. शाळासोबती अ‍ॅलेक्स जेम्सने मात्र याच कायद्यातून वाट काढली: १९२९ मध्ये आर्सेनलला ८,७५० पौंडांत जाताना लंडनच्या सेल्फरिजेस या मोठ्या दुकानात क्रीडासाहित्य दाखवण्याची नोकरी पदरात पाडून घेतली. वर्षाला २५० पौंड, आणि पगाराच्या मर्यादेला धक्का नाही. बेल्सहिलच्या दोन पोरांत व्यवहार कोणाला कळत होता हे सांगायला नको.

पुढचं मी भराभर वाचलं. लहान वयातलं पहिलं लग्न मोडल्याच्या खटल्याने गॅलाखर कर्जात बुडाला, दिवाळखोरीपर्यंत गेला. १९३४ मध्ये डर्बी काउंटी, २,७५० पौंड. तिथे त्याच डिसेंबरात ब्लॅकबर्नविरुद्ध संघाचे पाचही गोल त्याचेच. १९३६ मध्ये नॉट्स काउंटी, २,०००. १९३८ च्या सुरुवातीला ग्रिम्सबी, १,०००. त्याच वर्षी गेट्सहेड, ५००. किंमतीचा रकाना वरून खाली वाचला तर माणूस म्हातारा होताना दिसतो. आणि ५०० पौंडांचा गेट्सहेडचा गॅलाखर छत्तिसाव्या वर्षीही गोल करतच होता. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं, लीग बंद पडली, तिथे त्याची कारकीर्दही.

तो गेट्सहेडलाच राहिला. मिळेल ती कामं केली, वर्तमानपत्रांत फुटबॉलवर लिहिलं. १९५० मध्ये दुसरी बायको वारली. ११ जून १९५७ रोजी लो फेलजवळच्या रेल्वेमार्गावर त्याने स्वतःचा जीव दिला. घरातल्या एका प्रकरणी दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात उभं राहायचं होतं. वय ५४.

हे फाइलमध्ये घालायचं की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. गट चालवणाऱ्या बाईंचं म्हणणं, इथे बसलेल्यांच्या घरी पुरेसं दुःख आहे. मला ते पटलं. मंडळींपुढे जाणारी पानं गेट्सहेडच्या संघाच्या फोटोवर थांबतात. बाकीचं एका वेगळ्या कागदावर आहे, स्वयंसेवकांसाठी. कोणी विचारलं तर खोटं सांगायचं नाही, एवढं ठरलं आहे. एकदोघांनी विचारलंही. त्यांना बहुधा माहीत होतं.

किंमतीचा रकाना मात्र मी सगळ्यांसमोर ठेवला, आणि गोलांपेक्षा जास्त बोलणं त्यावरच होतं. खाणीत काम केलेला एक जण दर वेळी आठ पौंड आणि दहा हजार पौंड यांचा हिशेब नव्याने मांडतो आणि दर वेळी नव्याने चिडतो. शेजारचा म्हणतो, खाणीपेक्षा आठ पौंड बरेच की. मग दोघांची जुंपते, तिसरा मध्येच मॅकग्रोरीचं नाव काढतो आणि सेल्टिक-रेंजर्सचं जुनं भांडण सुरू होतं.

सध्या मी मॅकग्रोरीची फाइल करतोय. जवळजवळ पंधरा वर्षं तो सेल्टिकचाच राहिला, मध्ये एक हंगाम क्लाइडबँककडे उसना दिलेला, त्यामुळे किंमतीच्या रकान्यात लिहायला काही नाही. १९२८ मध्ये आर्सेनलने त्याला मागितलं होतं. सेल्टिक विकायला तयार होतं. मॅकग्रोरीनेच नकार दिला. त्यानंतर क्लबाने त्याला सोबत्यांपेक्षा आठवड्याला एक पौंड कमी द्यायला सुरुवात केली, आणि हे त्याला कळलं कारकीर्द संपल्यावर. या फाइलला मी पगाराचा रकाना आधी आखला आहे.